बाटली उभी की आडवी?

'पुट द बॉटल इन द फ्रिज.' इंग्रजीत याहून सोपं वाक्य शोधून सापडायचं नाही. हेच जर्मनमध्ये न्यायला बसलं की क्रियापदापाशीच घोडं अडतं. बाटली फ्रिजच्या दारात उभी ठेवायची असेल तर 'श्टेलन'. दारात जागा नाही म्हणून कप्प्यात आडवी सरकवायची असेल तर 'लेगन'. मूळ वाक्यात याबद्दल चकार शब्द नाही, आणि भाषांतरकाराला तर दोन्हींपैकी एक निवडल्याशिवाय पुढं सरकता येत नाही.

'पुट' हे एकच क्रियापद इंग्रजीत जे सगळं निभावून नेतं, त्याची जर्मनमध्ये वाटणी झालेली आहे. चित्र भिंतीवर 'हेंगन', किल्ली कुलपात 'श्टेकन', बाळ खुर्चीत 'झेत्झन', तेच बाळ पाळण्यात 'लेगन'. नुसता उभ्या-आडव्याचा हिशेब असता तरी एक वेळ चाललं असतं. पण टेबलावर सुलट ठेवलेली जेवणाची थाळी जर्मनमध्ये चक्क 'उभी' असते. उंची बोटभर का असेना, ती आपल्या बुडावर टेकली आहे ना! तीच पालथी घातली की 'आडवी' होते. पुस्तक टेबलावर पडलेलं असतं, कपाटात उभं असतं. चेंडूला ना बूड ना माथा, तो बिचारा नेहमी आडवाच. आणि पेपरातली बातमी? तीही 'उभी'. 'पेपरात आलंय' याला जर्मन माणूस 'पेपरात उभं आहे' असं म्हणतो.

यंत्राकडून भाषांतर करून घ्यायची स्वप्नं रंगू लागली तेव्हा शास्त्रज्ञांची झोप उडवली होती ती वेगळ्या जातीच्या, एकाहून जास्त अर्थांच्या शब्दांनी. 1949 साली वॉरन वीव्हर या अमेरिकन गणितज्ञानं एका टिपणात कल्पना मांडली: पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून पुस्तकातला एकच शब्द पाहिला तर त्याचा अर्थ कळणार नाही. पण भोक रुंद करत गेलो, आजूबाजूचे चार-दोन शब्द दिसू लागले, की अर्थ ठरतो. 1960 मध्ये तर्कशास्त्रज्ञ येहोशुआ बार-हिलेल यांनी या आशेला टाचणी लावली. त्यांचं उदाहरण भाषाशास्त्रात अजून फिरतं. जॉन आपली खेळण्यांची पेटी शोधत होता, अखेर ती सापडली, 'द बॉक्स वॉज इन द पेन'. इथं 'पेन' म्हणजे लहान मुलाला खेळायला सोडतात ते कठडा लावलेलं कुंपण, जर्मनमध्ये 'लाउफश्टाल'. लिहायच्या पेनात पेटी मावत नाही, हे व्याकरणातून कळत नाही आणि शब्दकोशातूनही नाही. पेटी केवढी आणि पेन केवढं, हे आधी ठाऊक असावं लागतं. यंत्राला ते कधीच जमणार नाही, असं बार-हिलेल यांचं म्हणणं होतं.

त्या बाबतीत यंत्रानं बरीच मजल मारली आहे. 2017 साली गूगलच्या संशोधकांनी 'ट्रान्सफॉर्मर' ही रचना जगापुढं मांडली. आजचे सगळे गाजलेले चॅटबॉट तिच्यावरच उभे आहेत. त्या रचनेची पहिली मोठी परीक्षा होती इंग्रजीतून जर्मन भाषांतराची. सुमारे 45 लाख वाक्यांच्या जोड्या यंत्राला दिल्या; मोठं मॉडेल आठ चिप्सवर साडेतीन दिवस शिकत राहिलं. या रचनेत वाक्यातला प्रत्येक शब्द बाकीच्या शब्दांकडं पाहतो, आणि कुणाला किती महत्त्व द्यायचं ते आकड्यांत ठरवतो. वीव्हरचं भोक रुंद होत होत अख्ख्या वाक्याएवढं झालं, असं म्हणायला हरकत नाही.

पण 'पुट'चं दुखणं निराळं आहे, आणि माझ्या मते जास्त गमतीचं. 'पेन'ला दोन अर्थ आहेत, त्यातला एक निवडायचा. 'पुट'ला त्या वाक्यात अर्थ एकच आहे, फक्त इंग्रजीनं जो तपशील सांगितलाच नाही तो जर्मन मागते. भोक कितीही रुंद केलं तरी पानावर नसलेली गोष्ट दिसणार कशी? मग यंत्र सवयीवर जातं: बाटल्या बहुधा उभ्या असतात, लाव 'श्टेलन'. त्यात त्या 45 लाख जोड्यांतला मोठा वाटा युरोपीय संसदेतल्या भाषणांचा होता, आणि तिथं फ्रिजमध्ये बाटल्या कोण ठेवतंय?

माणसाच्या मेंदूला तरी हे सहज जमतं का? डच भाषेतही जर्मनसारखीच वाटणी आहे: 'झेटन' आणि 'लेगन'. भुवना नरसिंहन आणि मारियाने गुलबर्ग या भाषा-संशोधकांनी चार-पाच वर्षांच्या डच आणि तमिळ मुलांची तुलना केली. डच मुलांच्या कानावर हे शब्द रात्रंदिवस पडतात, तरी पाचव्या वर्षीही ती चुकत होती. तमिळ मुलांना असे शब्द क्वचितच ऐकू येतात, पण ती चौथ्या वर्षीच योग्य जागी वापरत होती. कारण तमिळमध्ये 'उभं राहायला लाव', 'पडायला लाव' अशी उघड जोडणी असते. मराठीतही आपण 'उभी ठेव', 'आडवी ठेव' असंच म्हणतो, आणि गरज नसेल तर नुसतं 'ठेव' म्हणून मोकळे होतो. (आपली कुरकुर दुसरीकडं: मीठ घालायचं, कुंकू लावायचं, पैसे खिशात टाकायचे आणि पदर खोचायचा. मराठी शिकणारा जर्मन माणूस इथं घामाघूम होत असणार.)

गुलबर्ग यांनी माणसांचे हातही तपासले. वस्तू कुठं ठेवली हे सांगताना डच माणसाचे हात ती वस्तू धरल्यासारखा आकार घेत. फ्रेंचमध्ये 'पुट'सारखंच एक सरसकट क्रियापद आहे, आणि फ्रेंच माणसांचे हात बहुतेकदा नुसती दिशा दाखवत. क्रियापद काय मागतं, ते बोटांपर्यंत पोचलेलं असतं.

जर्मन घरांत मात्र एक पळवाट आहे. बोलताना, विशेषतः दक्षिणेकडं, लोक 'टून' म्हणजे 'करणे' हे क्रियापद वापरून बाटली सरळ फ्रिजमध्ये 'करतात'. उभी की आडवी हा प्रश्नच उरत नाही. निबंधात ते लिहिलेलं शिक्षकांना खपत नाही. कादंबरीच्या भाषांतरकाराला मात्र ते एखाद्या पात्राच्या तोंडी बिनधास्त घालता येतं. निवेदकाचं वाक्य आलं की पुन्हा ठरवायला बसायचं, आणि लेखक हयात असेल तर त्यालाच विचारायचं, की बाटली नक्की कशी होती.