पैठणी ‘निट’ करतात का?

‘सी’ म्हणजे पाहणे, ‘लुक’ म्हणजे पाहणे आणि ‘वॉच’ म्हणजेही पाहणेच. मग साहेबाने तीन शब्द कशाला केले, असा रास्त प्रश्न मुले विचारतात आणि मास्तर ‘पाठ करा’ म्हणून मोकळे होतात.

या कोड्याचा उलगडा करायला पैठणइतके सोयीचे गाव नाही. इथे मागावर पैठणी विणतात, ओट्यावर आजी नातवाचा स्वेटर विणते, पडवीतली बाज सुंभाने विणलेली असते आणि आढ्याला कोळी जाळे विणत असतो. मराठीने चौघांना एकाच क्रियापदाच्या पंगतीला बसवले. इंग्रजी मात्र ज्याच्या त्याच्या हाताकडे पाहते. उभे आणि आडवे धागे एकमेकांतून जातात, तेव्हा ‘वीव्ह’. एकाच धाग्याचे फास एकमेकांत अडकवत सुयांवर वीण वाढते, तेव्हा ‘निट’. बाज ‘स्ट्रिंग’ करायची, कारण तिथे चौकटीवर दोरी ओढायची. कोळी तर चक्क ‘स्पिन’ करतो, म्हणजे सूत काततो! पोटातून धागा काढणाऱ्याला कातणारा म्हणणे मला तरी अधिक चोख वाटते.

आता विणकराच्या घरातले मूल निबंध लिहायला बसते. ‘विणणे’ या अर्थाचे दोन शब्द त्याला ठाऊक असतात. त्यातला स्पेलिंगला सोपा तो उचलून ते लिहिते, ‘माय फादर निट्स पैठणीज.’ व्याकरण बिनचूक, वडिलांचा धंदा मात्र बदलला! परदेशी पाहुण्याने हे ऐकले तर त्याच्या डोळ्यांपुढे लोकरीचा गुंडा येणार. रेशमी ताण्यातून रंगीत कांड्या हाताने फिरवून पदरावर एकेक मोर उभा करायला महिनेच्या महिने जातात, हे त्याला कुठून कळणार? आणि जे कळले नाही त्याचे मोल कोण देणार? यंत्रमागाच्या स्वस्त नकला बाजारात आहेतच. म्हणून पाटीवर नुसते ‘हँडमेड’ही पुरत नाही. कापड यंत्रावरचे आणि हाताने लावलेले फक्त गोंडे, असा माल त्या सैल शब्दाखाली खपवता येतो. ‘हँडवोव्हन’ म्हटले की हातमागाखेरीज सुटका नाही.

मोल्सवर्थने आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश मेजर कँडीने १८४७ साली पुरा केला, तेव्हापासून आपण शब्दापुढे शब्द ठेवत आलो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, तरी मुलांच्या वह्यांत तीच दोन रकान्यांची यादी दिसते. कोशाचा इलाज नाही, मास्तरांचा आहे.

कारण पाहण्याच्या बाबतीत किल्ली आपल्याच घरात आहे. बसच्या खिडकीतून नाथसागर ‘दिसला’, तो ‘सी’. मुद्दाम मान वळवून ‘पाहिला’, तो ‘लुक’. थंडीत जायकवाडीच्या काठी रोहित पक्ष्यांकडे दुर्बीण लावून तासभर बसलात, तर ‘वॉच’. राखणदाराला ‘वॉचमन’ म्हणतात ते उगीच नव्हे. तसेच, टाळांचा आवाज कानी आला तो ‘हिअर’, मांडी घालून कीर्तन ऐकले ते ‘लिसन’.

अर्थात साहेबाचीही फजिती आपण करू शकतो. दिवाळीला एखादा इंग्रज पाहुणा बोलवा आणि आजीबाईंना सांगू द्या, ‘दिवा लाव, गंध लाव, अंगणात तुळस लाव आणि जाताना दार लाव!’