स्पेलिंग बरोबर, तरी रंग का येत नाही?

बारामती, इंदापूरकडची बरीच पोरं विचारतात, "सर, इंग्लिश कच्चं आहे, वेब पेज डिझाइन जमेल का?" जमेल. कोड व्हिडिओत दाखवलाय, इथे फक्त स्पेलिंगचं बोलू. कारण पोरं अडकतात ती तिथेच.

शाळेत आपण ब्रिटिश इंग्लिश शिकलो. कलर म्हणजे सी-ओ-एल-ओ-यू-आर. पेजला रंगरूप देणाऱ्या सीएसएसला मात्र अमेरिकन स्पेलिंग लागतं, यू नको. यू घातला तर ब्राउझर काही बोलत नाही, ती ओळ गुपचूप सोडून देतो. पेज उघडतं, रंग येत नाही. मग ज्याचं स्पेलिंग शाळेच्या हिशोबाने बरोबर, तोच म्हणतो, "आपल्याला इंग्लिश येत नाही, सोडा." सेंटरचंही तसंच, शेवटी आर-ई नाही, ई-आर. गंमत म्हणजे ग्रे मध्ये ए घाला नाहीतर ई, दोन्ही चालतात!

तुम्ही शिकवत असाल तर हा फरक पहिल्याच दिवशी सांगा. टॅग पाठ करून घेऊ नका. हेड, बॉडी, टेबल, फॉर्म हे शब्द पोरांना माहीतच असतात. पहिलं पेज मराठीतच होऊ द्या, भिगवणची मासळी नाहीतर घरच्या डाळिंबांचा भाव. फक्त मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ टाका, फाइलही त्यातच सेव्ह करा, नाहीतर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतील.

मग तेच पेज समोर ठेवून एकेक ओळ इंग्लिशमध्ये करायला लावा. भाव आणि गाव आधी, वाक्यं नंतर.