शेतात नेट गेलं, तर ॲप काय करतं?

यवतमाळच्या कापूस उत्पादकाला ॲप नवं नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली: शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, सातबाऱ्यावर पेरा नोंदवायचा.

अशी ॲप्स आता एआय एजंटही बांधू आणि तपासू शकतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला ‘क्लॉड कोड’ हा एजंट सूचना वाचून कोड लिहितो, चालवून पाहतो, चूक दिसली की दुरुस्तीला लागतो. जोडीला संगणकातला आभासी फोन दिला, तर एजंट बटणं दाबतो, स्क्रीन न्याहाळतो, नेट मध्येच तोडून फोटो टिकला का ते बघतो. आणि कंटाळत नाही!

यवतमाळमधल्या झरी जामणीच्या शिवारातलं ऊन मात्र त्या आभासी फोनवर पडत नाही. उन्हात ॲप वापरता येतं का, ही चाचणी बांधावरच, खरिपाची नोंदणी सुरू होण्याआधी घ्यावी लागेल.