लाळ्या-खुरकूत : विषाणूला पेशीचे दार कसे सापडते?

लेण्याद्रीच्या परिसरात, जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत, बैल हा शेतीचा सोबती तर आहेच, शिवाय घाटातील शर्यतीचा मानकरीही आहे. बेल्ह्याचा बैलबाजार आणि शर्यती यांमुळे जनावरांची ये-जा सतत चालू असते. लाळ्या-खुरकुताला याहून अनुकूल परिस्थिती ती कोणती? जनावर लाळ गाळू लागले की पशुपालक तोंड धुण्याचे औषध मागावयास वैद्याकडे वा औषधी दुकानात येतो. म्हणून या विषाणूची रीत आपण जाणून घेणे अगत्याचे आहे.

जीवाणू अडविणाऱ्या गाळणीतूनही या रोगाचे कारण पार होते, हे लोफ्लर व फ्रॉश यांनी १८९८ मध्ये दाखविले. प्राण्यांत रोग उत्पन्न करणारा हा पहिला ज्ञात विषाणू होय. त्याच्या कवचावर व्हीपी-१ या प्रथिनाचा एक लवचीक वळसा बाहेर डोकावतो. त्यावर आर्जिनिन, ग्लायसिन व अ‍ॅस्पार्टिक आम्ल ही तीन अमिनो आम्ले ओळीने असतात. शरीरातील फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिने याच त्रयीने पेशीपृष्ठावरील इंटेग्रिन नामक ग्राहींना धरतात. विषाणूने तीच खूण उचलली आहे. त्याला विशेष मानवणारे अल्फा-व्ही-बीटा-६ हे इंटेग्रिन जिभेच्या व खुरालगतच्या त्वचेच्या पेशींवर आढळते. फोड तेथेच का उठतात, याचा बराचसा उलगडा येथे होतो. पुढे पेशी त्याला आत ओढून घेते, आतील सौम्य आम्लतेने कवच विस्कटते आणि आरएनए मोकळा होतो.

येथे सुश्रुतोक्त स्थानसंश्रयाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि साम्य म्हणजे एकत्व नव्हे. दोषांचा खवैगुण्यस्थानी आश्रय आणि रेणूंची पकड यांची गल्लत करू नये.

ती त्रयी बदलली तर विषाणूला दारच लाभत नाही, म्हणून ती टिकून राहते. भोवतालचा भाग मात्र सतत पालटतो आणि प्रतिपिंडांना चकवतो. एका प्रकारावरील लस दुसऱ्यास रोखत नाही ती यामुळे. भारतातील लसीत ओ, ए व एशिया-१ हे तिन्ही प्रकार घेतलेले असतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ती टोचली जाते.

तुरटीच्या पाण्याने व्रण स्वच्छ होतो, जनावरास थोडा आराम पडतो. पेशीत शिरलेला विषाणू त्याने निघत नाही. तो विषाणूनाशक म्हणून विकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गोठ्याची जमीन व भांडी यांसाठी मात्र ४ टक्के धुण्याच्या सोड्याचे द्रावण उपयोगी आहे. संशय येताच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे, आणि बाधित गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाताना आपली पादत्राणेही त्याच द्रावणाने धुवावीत.