वृषणाच्या कर्करोगातील बारावे गुणसूत्र

मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे त्यो व लेव्हान यांनी १९५६ मध्ये दाखविले आणि अर्बुदांतील गुणसूत्रांच्या अभ्यासास पक्का आधार मिळाला. बहुतेक घन अर्बुदांतील विकृती इतक्या विविध असतात की, त्यांतून एखादे खात्रीचे लक्षण निवडणे कठीण जाते. वृषणातील जननपेशींची अर्बुदे मात्र यास अपवाद ठरली आहेत.

या अर्बुदांत दोन्ही भुजा सारख्या असलेले एक लहान गुणसूत्र वारंवार आढळते, याकडे ॲटकिन व बेकर यांनी १९८२ मध्ये लक्ष वेधले. बाराव्या गुणसूत्राची लांब भुजा गळून आखूड भुजा दुहेरी झाली म्हणजे ते तयार होते. अशा गुणसूत्रास आयसोक्रोमोसोम म्हणतात. तरुण व प्रौढ पुरुषांतील सुमारे ८० टक्के अर्बुदांत ते असते. उरलेल्यांपैकी बहुतेकांतही आखूड भुजेचा अंश अन्य प्रकारे वाढलेला असतो. तेव्हा खरे महत्त्व या भुजेवरील जनुकांच्या वाढीव मात्रेस दिले पाहिजे. पेशीविभाजनास चालना देणारी केरास व सीसीएनडी२ ही जनुके याच भुजेवर आहेत.

तथापि ही वाढ रोगाचे आद्य कारण मानता येत नाही. स्काकेबेक यांनी १९७२ मध्ये वर्णिलेल्या पूर्वावस्थेत विकृत पेशी शुक्रजनक नलिकांच्या आतच असतात. त्यांतील गुणसूत्रांची संख्या मुळातच बिघडलेली असते. आखूड भुजेची वाढ मात्र सामान्यतः नसते. पेशी नलिकेबाहेर पसरू लागल्या म्हणजे ती दिसू लागते. अर्थात संख्येतील विकृती आधीची आणि भुजेची वाढ नंतरची, असा क्रम लागतो. लहान मुलांतील अर्बुदांत ही वाढ बहुधा आढळत नाही, यावरून त्यांची उत्पत्ती निराळी असावी असे मानतात.

या ज्ञानाचा उपयोग प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. एखाद्या तरुणाच्या छातीच्या मध्यभागी किंवा पोटाच्या मागील भागात अर्बुद आढळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा उगम ओळखता येत नाही. अशा वेळी बाराव्या गुणसूत्राचे हे लक्षण मिळाल्यास अर्बुद जननपेशींपासून उद्भवले असल्याचा सबळ पुरावा हाती येतो. ही अर्बुदे सिस्प्लॅटिनयुक्त औषधोपचारास उत्तम प्रतिसाद देतात. त्यामुळे उगमाचे अचूक निदान रुग्णाच्या जीवितासाठी निर्णायक ठरू शकते.