देवमाशाचा सख्खा नातलग कोण?

गैरसमज: दिसायला सारखे, ते नात्याने जवळचे.

वस्तुस्थिती: पाणघोडा डुकराच्या कुळातला, ही समजूत प्राणिशास्त्रातही दीर्घकाळ होती. पण शरीराची ठेवण राहणीप्रमाणे बदलते. पाण्यात गेलेल्या देवमाशाचे मागचे पाय नाहीसे झाले, तरी त्याचा डीएनए वंशाची नोंद बाळगून राहिला. जनुकसंचात काही तुकडे स्वतःची नक्कल करून नव्या जागी जाऊन बसतात आणि पुढच्या पिढ्यांत तिथेच टिकतात. दोन पोथ्यांत एकाच ओळीत एकच चूक आढळली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असे आपण मानतो. इथेही तर्क तोच. टोकियोतील नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने 1997 आणि 1999 मध्ये असे तुकडे तपासले. काही तुकडे देवमासा, पाणघोडा आणि गाय यांच्यात समान होते, पण डुकरात आणि उंटात नव्हते. काही तर फक्त देवमासा आणि पाणघोडा यांच्यातच होते.

गैरसमज: म्हणजे देवमासा पाणघोड्यापासून निर्माण झाला.

वस्तुस्थिती: दोघांचा पूर्वज एक, इतकेच यातून सिद्ध होते. देवमाशांचे जीवाश्म सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. खरे पाणघोडे त्यानंतर कितीतरी उशिरा दिसतात.

गैरसमज: जनुके कधी चुकत नाहीत, मग जीवाश्म कशाला?

वस्तुस्थिती: डीएनए खोटे बोलत नाही, पण त्याचे वाचन चुकू शकते. 1990च्या दशकात मोजक्या प्राण्यांच्या तुलनेवरून गिनीपिग कृंतक नाही, असा निष्कर्ष निघाला होता. अधिक प्राणी आणि अधिक जनुके तपासल्यावर तो टिकला नाही. म्हणूनच स्वतंत्र पुरावा मोलाचा. 2001 मध्ये पाकिस्तानातील प्राचीन देवमाशांच्या जीवाश्मांत घोट्याचे जे हाड मिळाले, त्याची घडण गाय, डुक्कर, पाणघोडा अशा समखुरी प्राण्यांच्या हाडासारखीच होती. जम्मू-काश्मीरमधील कालाकोटच्या खडकांत सापडलेला ‘इंडोहायस’ हा छोटा खुरांचा प्राणीही 2007च्या अभ्यासात देवमाशांचा निकटचा आप्त ठरला. त्याच्या कानाच्या हाडाची जाडी देवमाशासारखी आहे. हाडे आणि जनुके वेगवेगळ्या वाटांनी एकाच समखुरी कुळापाशी पोहोचली. पण हयात प्राण्यांत पाणघोडाच सर्वांत जवळचा, हा निर्णय आधी जनुकांनी दिला. नाते ठरवताना रूपावर विसंबू नये आणि एकाच पुराव्यावर थांबूही नये.