यंत्रं पोचली, माणसं कुठे आहेत?

ढाक्याच्या मोतीझील भागात बांगलादेश बँकेचं मुख्यालय आहे. तिथल्या दहाव्या मजल्यावरच्या एका बंदोबस्तातल्या खोलीत २०१६ साली एक प्रिंटर होता. जगभरातल्या बँका ज्या 'स्विफ्ट' जाळ्यातून एकमेकींना पैसे पाठवण्याचे निरोप देतात, त्यावरचा प्रत्येक व्यवहार हा प्रिंटर आपोआप छापत असे. ५ फेब्रुवारीच्या शुक्रवारी सकाळी तो बंद दिसला. प्रिंटर बिघडणं ही कुठल्याच कचेरीत बातमी नसते, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण आदल्या रात्री चोरांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला बांगलादेशच्या खात्यातून पैसे वळते करण्याचे ३५ आदेश धाडले होते. एकूण रक्कम होती सुमारे ९५ कोटी डॉलर.

चोरांनी मुहूर्तही नीट काढला होता. शुक्रवार-शनिवार ढाक्यात सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कला सुट्टी आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. बहुतेक आदेश न्यूयॉर्कमध्ये संशयावरून अडले. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी डॉलर 'फाउंडेशन' शब्दाचं स्पेलिंग चुकल्यामुळे वाचले. ८.१ कोटी डॉलर मात्र मनिलातल्या बँकखात्यांतून कॅसिनोंमध्ये गेले आणि त्यातला थोडाच भाग पुढे परत मिळाला. बँकेत फायरवॉल नव्हती आणि नेटवर्कची जोडणी दहा डॉलरच्या जुन्यापान्या स्विचवर होती, असं तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने सांगितलं.

हे वाचून पहिला विचार येतो तो चांगली यंत्रं घेण्याचा. गरीब देशांना देऊ केल्या जाणाऱ्या मदतीतही हाच विचार वर्षानुवर्षं वरचढ राहिला आहे. सर्व्हर द्या, सॉफ्टवेअर द्या, तीन दिवसांची कार्यशाळा घ्या, फोटो काढा. यंत्रांची गरज आहेच. पण ती कुणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न त्याहून अवघड आहे.

कागदावरचं धोरण

कोस्टारिकाचं उदाहरण घ्या. मध्य अमेरिकेतला हा देश मागासलेला म्हणता येणार नाही. सायबर संकटांत धावून जाणारा सरकारी चमू त्याने २०१२ सालीच स्थापन केला होता. २०१७ मध्ये अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेच्या मदतीने राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणही लिहून झालं होतं. कागदोपत्री सगळं चोख होतं, पण ते अमलात आणायला पुरेशी माणसं आणि पैसा मिळाला नाही.

एप्रिल २०२२ मध्ये 'कोंटी' नावाच्या खंडणीखोर टोळीने तिथल्या अर्थ मंत्रालयावर हल्ला केला. करभरणा आणि सीमाशुल्क या दोन्ही यंत्रणा बंद कराव्या लागल्या, आयात-निर्यातीचं काम हाताने कागद भरून चालू ठेवावं लागलं. टोळीने एक कोटी डॉलर मागितले, पुढे आकडा दोन कोटींवर नेला. सरकारने खंडणी द्यायला नकार दिला. ८ मे रोजी रॉड्रिगो चावेस राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. महिनाअखेरीस दुसऱ्या एका टोळीने सार्वजनिक आरोग्य यंत्रणेवर घाव घातला. तिथल्या कचेऱ्यांतले प्रिंटर अचानक निरर्थक अक्षरांचे कागद ओकू लागले, मग संगणक बंद करण्याची धावपळ झाली. डॉक्टरांना रुग्णांची माहिती दिसेना, तपासण्या आणि भेटी खोळंबल्या.

स्पेन, इस्रायल आणि अमेरिकेकडून मदत आली. पुढच्या वर्षी अमेरिकेने आणखी अडीच कोटी डॉलर जाहीर केले. आग लागल्यावर बंब पाठवणारे पुष्कळ असतात. २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत ते धोरण राबवणारी माणसं नेमायला आणि टिकवायला कुणी हातभार लावला असता, तर बराच खर्च वाचला असता.

दुबळी कडी सगळ्यांचीच

दुसऱ्या देशांना अशी मदत करणं हा परोपकाराचा विषय आहे असं वाटत असेल, तर पुण्याची कॉसमॉस बँक आठवावी. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी तिच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी स्वतःची बनावट यंत्रणा उभी केली. बनावट कार्डं खरी ठरवली जाऊ लागली. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, देशातूनही अडीच कोटी गेले. दोन दिवसांनी स्विफ्टमार्फत जवळपास १४ कोटी हाँगकाँगला वळवण्यात आले. पुण्यातल्या खात्यावरचा दरोडा इतक्या देशांत एकाच वेळी पडत असेल, तर तिथल्या बँका आणि पोलीस किती जागे आहेत, हा पुण्याचाही प्रश्न होतो.

शिकवण्याची रीत

सायबर सुरक्षेत शिक्षक म्हणून ज्या देशांचं नाव निघतं, त्यात एस्टोनिया वरचा आहे. लोकसंख्या चौदा लाखांहूनही कमी. २००१ साली त्या देशाने सरकारी खात्यांमधल्या माहितीच्या देवाणघेवाणीची 'एक्स-रोड' ही यंत्रणा सुरू केली. प्रत्येक खातं आपली माहिती आपल्याकडेच ठेवतं. दुसऱ्या खात्याला हवी तेवढीच माहिती ते सुरक्षित वाटेने देतं आणि प्रत्येक मागणीची नोंद राहते. २००७ च्या एप्रिलअखेर या देशाच्या संसद, बँका आणि वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर तीनेक आठवडे हल्ले झाले. तो अनुभवही त्यांच्या गाठीशी आहे. २००२ साली तालिनमध्ये स्थापन झालेली ई-गव्हर्नन्स अकादमी हीच विद्या इतर देशांना शिकवते. युक्रेनने 'त्रेम्बिता' ही माहितीच्या देवाणघेवाणीची यंत्रणा याच अकादमीच्या मदतीने आणि युरोपीय संघाच्या पैशातून उभी केली. युक्रेनच्या अभियंत्यांनी ती आपल्या गरजेनुसार घडवली आणि पुढे युद्धाच्या काळातही सरकारी सेवा चालू ठेवायला ती कामी आली.

मदत करणारे देश वाढले, तशी कामांची पुनरुक्तीही वाढली. एकाच देशात तीन दाते तेच प्रशिक्षण देत आणि शेजारच्या देशात कुणीच फिरकत नसे. यावर उतारा म्हणून २०१५ मध्ये हेगमध्ये 'ग्लोबल फोरम ऑन सायबर एक्स्पर्टीज' हा मंच स्थापन झाला. कुणाला काय हवं आणि कोण काय देऊ शकतं याची सांगड घालणं, हे त्याचं मुख्य काम. ऑक्सफर्ड विद्यापीठाने तयार केलेला एक आराखडा देशाची तयारी पाच पायऱ्यांवर मोजतो. धोरण, समाजाची जाण, शिक्षण, कायदा आणि तांत्रिक मानकं अशा पाच अंगांनी ही तपासणी होते. आधी रोगनिदान, मग औषध, हा क्रम त्यामुळे रुळला.

कौशल्य मुरतं ते सरावाने. आशिया-प्रशांत भागातल्या आपत्कालीन चमूंची 'एपीसर्ट' ही संघटना २००३ पासून आहे, भारताची 'सर्ट-इन'ही तिची सदस्य आहे. या चमूंचा दरवर्षी सराव होतो. त्याची धाटणी साधारण अशी असते: ठरल्या वेळी प्रत्येक चमूला एक मेल येतो. एका संस्थेच्या सर्व्हरवरून संशयास्पद माहिती बाहेर जात आहे, सोबत लॉगची, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदींची, फाइल. ती चाळून माहिती कुठल्या पत्त्यावर जाते आहे ते हुडकायचं, तो पत्ता ज्या देशातला आहे तिथल्या चमूला कळवायचं, आपल्या लोकांना इशारा द्यायचा. तेवढ्यात पुढचा मेल येऊन प्रसंग आणखी बिघडवतो. माहिती पाठवताना तिच्यावर रंगाची खूण करायची असते. लाल म्हणजे ज्याच्या हाती दिली त्याच्यापुरतीच, हिरवी म्हणजे या क्षेत्रातल्या मंडळींत वाटता येईल अशी. खऱ्या संकटात रात्री दोन वाजता फोन कुणाला लावायचा आणि पलीकडचा माणूस विश्वास ठेवेल का, हे अशा सरावांतून ठरलेलं असतं.

घानाची वाट

पश्चिम आफ्रिकेतल्या घानाचा प्रवास आपल्याला अधिक जवळचा आहे. राजधानी आक्रात २००३ साली भारताच्या सहकार्याने कोफी अन्नान माहिती तंत्रज्ञान केंद्र उभं राहिलं, त्यामागे सी-डॅकचं तांत्रिक बळ होतं. पुण्यात मुख्यालय असलेली, 'परम' महासंगणक घडवणारी हीच ती संस्था. पुढे घानाने २०२० मध्ये सायबर सुरक्षा कायदा केला, स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केलं आणि या क्षेत्रातल्या कंपन्यांना व व्यावसायिकांना परवाना किंवा मान्यता घेणं सक्तीचं केलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सायबर क्षमताविकासाची पहिली जागतिक परिषद भरली ती आक्रातच. तिथल्या आवाहनाचं सार असं की विकासासाठी जो निधी दिला जातो त्यातच सायबर सुरक्षेचा वाटा धरावा. नवं रुग्णालय संगणकांवर चालणार असेल, तर त्याच्या संरक्षणाचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात हवा.

भारताकडे देण्यासारखं पुष्कळ आहे. १९६४ पासून चालणाऱ्या 'आयटेक' योजनेतून विकसनशील देशांचे अधिकारी आपल्याकडे शिकायला येतात. प्रवास, निवास आणि शिकवणीचा खर्च भारत सरकार करतं. बंगळुरूच्या आयआयआयटीत २०१८ साली सुरू झालेली 'मोसिप' ही मुक्त प्रणाली फिलिपिन्स, मोरोक्को, इथिओपियासारख्या देशांनी राष्ट्रीय ओळख यंत्रणांसाठी घेतली. प्रणाली फुकट मिळते, पण तिच्यातली भोकं बुजवणारा, अद्ययावत आवृत्ती चढवणारा, लोकांचा डेटा गळू न देणारा अभियंता त्या त्या देशातच घडावा लागतो.

आणि तो टिकावा लागतो. सरकारी पगारावरचा तरुण परदेशी प्रशिक्षण घेऊन परतला की बँका आणि परदेशी कंपन्या त्याला दुप्पट पगारावर उचलतात. खुर्ची पुन्हा रिकामी. म्हणून प्रशिक्षणार्थी किती आले हा आकडा फसवा आहे. दोन वर्षांनी त्यातले किती जण त्याच कामावर आहेत आणि त्यांनी आणखी किती जणांना शिकवलं, हे दात्याने विचारायला हवं. घेणाऱ्या देशानेही त्या पदांचा पगार आणि बढतीची वाट आधी ठरवावी.

भारतापुरतं बोलायचं तर काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमांच्या पुढे जायला हवं. आपल्या आपत्कालीन चमूंची एकेका लहान देशाच्या चमूशी पाच-पाच वर्षांची जोडी जमवावी. सराव एकत्र करावेत, माणसांची अदलाबदल करावी, अडचणीच्या रात्री फोन उचलावा. यात महासंगणक भेट देण्याइतका गाजावाजा नाही. खर्चही त्या मानाने थोडा आहे, आणि पुढच्या दरोड्याच्या वेळी त्याचा पहिला लाभ कदाचित आपल्यालाच होईल.